आधी जेवा, मग द्या

दिवेआगरला उतरून आवडाबाईंचं घर कुणालाही विचारा. सांगणारा माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, "सरळ जावा, भिंत दिसंल." भिंतीची गोष्ट पुढं येणारच आहे. पण आधी बाई कळायला हव्यात, नाहीतर भिंत कशी कळणार?

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, अंगानं भक्कम. आवाज तर विचारूच नका. वाडीच्या पार टोकाला नारळाच्या आळ्यात पाणी सोडत बसलेल्या नवऱ्याला त्यांनी हाक मारली, की शेजारच्या घरातून दिनानाथ "ओ" देतो. नवरा, येसाजीभाऊ, "ओ" देतच नाहीत. ते नुसते येऊन उभे राहतात. साऱ्या जन्मात हा माणूस जेवढं बोलला असेल तेवढं आवडाबाई सकाळच्या चहाआधी बोलतात. रागीटही तेवढ्याच. पण त्यांचा राग पाहुण्याच्या पानात भात पडेपर्यंतच टिकतो. एकदा भात पडला की "घ्या हो अजून, लाजता काय, तुमच्या आईनं वाढलं असतं तर ठेवलं असतंत का?" हे सुरू होतं, आणि ते थांबवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

काही वर्षांमागच्या मोठ्या वादळात वाडीतल्या सुपारीच्या पोफळी एका सकाळीत आडव्या झाल्या. कौलं उडाली ती कुठं गेली देव जाणे. नवी पोफळ लावून तिला सुपारी धरायची म्हणजे वर्षं जातात. तोवर चूल काय वाट बघत बसणार होती? मग बाईंनी मागच्या बाजूला खोल्या काढल्या, अंगणात झोपाळा टांगला आणि फाटकावर पाटी लावली, घरगुती राहण्याची व जेवणाची सोय. पाहुणे येऊ लागले. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढी. खाऊन गेलेला माणूस पुढच्या खेपेला सासुरवाडीची माणसं घेऊन यायचा.

पण बाईंचा एक हट्ट होता, आणि त्यावरून अख्खी आळी त्यांना हसायची. त्या आगाऊ पैसे घेत नसत. एक रुपयासुद्धा नाही. माहेर म्हसळ्याकडचं, भातशेतीचं. तिथं मळणीला आलेल्या गड्यालाही आधी भाकरी आणि मग मजुरी. "जेवायच्या आधी पैशाचं नाव काढायचं म्हंजे पानात माती कालवायची," असं त्या म्हणत. दिनानाथही पाहुणे ठेवतो, पण अर्धे पैसे हातात पडल्याशिवाय खोलीची चावी हलवत नाही. तो चिडवायचा, "वहिनी, एक दिवस लोक जेवून पळतील हां."

"पळू देत. भरल्या पोटानं किती लांब पळतील?"

दिनानाथ हसत आपल्या घराकडं वळायचा.

तर दिवाळी नुकती उलटली होती. एका शनिवारी फाटकाशी गाडी थांबली आणि डोंबिवलीचं एक कुटुंब बॅगा घेऊन सरळ अंगणात आलं. "आमचं बुकिंग आहे," आलेली बाई म्हणाली.

"कुणाकडं?"

"तुमच्याकडंच. हे काय!" तिनं फोन पुढं केला. जुन्या गाड्या, सोफे, भाड्याची घरं, सगळं ज्याच्यावर विकतात ना, त्या ॲपवर जाहिरात होती. फोटोत हेच अंगण, हाच झोपाळा. कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली एक पाठमोरी बाई सुपाऱ्या वाळत घालत होती. आवडाबाईंनी स्वतःची पाठ ओळखली. खाली भाडं निम्म्याहून कमी, आणि फोन नंबर भलत्याचाच. मॅनेजर ऋत्विक. त्यानं मामीचं घर आहे सांगून आगाऊ पैसे मागितले, यांनी पाठवले.

"कोण ह्यो ऋत्विक? माझ्या घरात मांजराचं नाव पण ऋत्विक न्हाय!"

डोंबिवलीकर पांढरेफटक पडले. ऋत्विकचा फोन लागेना. पोरं प्रवासानं कोमेजलेली, धाकटं तर रडायलाच लागलं. आता बाईंनी काय करावं? "माझा काही संबंध नाही" म्हणून फाटक लावून घ्यायचं? कुणी लावलंही असतं. पण आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून उपाशी परत पाठवणं या बाईंच्या रक्तातच नाही. एक खोली रिकामी होती. "या आत. पोरांना आधी भात घालते. तो मेला कोण हाय ते मग बघू."

जाताना डोंबिवलीच्या बाईनं डोळे पुसले, जेवणाचे पैसे दिले. खोलीचे आवडाबाईंनी घेतलेच नाहीत. "एकदा दिलंत ना? मग दोनदा कशाला?"

आता इथंच घोटाळा झाला, नीट ऐका. पुढच्या शनिवारी आणखी एक कुटुंब. मग आणखी एक. सगळ्यांना ऋत्विकनं गंडवलेलं, आणि सगळ्यांना आवडाबाईंनी घरात घेऊन पोटभर जेवू घातलेलं. पण गंडलेला माणूस पोट भरून, समुद्रात डुंबून घरी गेला की तक्रार कशाची करणार? उलट त्या लोकांनी जाहिरातीखाली लिहिलं, घर अगदी फोटोसारखं, जेवण अप्रतिम, मामी प्रेमळ. ते वाचून आणखी दहाजण ऋत्विकला पैसे पाठवायला तयार.

हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं असेल तर मुश्ताकच्या. मुश्ताक शेजारच्या बोर्ली गावचा, रिक्षावाला. स्टँडवरून पाहुणे तोच आणतो. दोन-तीन पाहुण्यांनी त्याला पत्ता म्हणून तीच जाहिरात दाखवली तेव्हा त्यानं खालचं सगळं वाचलं आणि येऊन कपाळावर हात मारला. "या अल्ला! वहिनी, तुमच्या सोलकढीवर त्या हरामखोराचा धंदा चाललाय. तुम्ही जेवू घालताय म्हणून त्याची जाहिरात खरी वाटते लोकांना!"

"मग काय करू? पोरं उपाशी घालवू?"

मुश्ताकनं ती जाहिरात सरळ सुनेला दाखवली.

सून रुचिका हुशार. तिनं ॲपवाल्यांना कळवलं, सासूला घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. जाहिरात उतरली. चार दिवसांनी दुसऱ्या नंबरानं, खालच्या कौतुकासकट, पुन्हा वर आली. पोलीस म्हणाले, आम्ही मागावर आहोत, पण नंबर सारखे बदलतोय, तुम्ही सावध राहा. बाई म्हणाल्या, मी सावधच हाय, लोकं सावध न्हाईत त्याचं काय?

आणि मग नाताळाच्या सुट्टीत ते घडलं. घर खचाखच भरलेलं, ओटीवरसुद्धा गाद्या. दुपारी साताऱ्याचे निकम नावाचे गृहस्थ गाडी घेऊन आले. गाडीत बायको, पोरं आणि थकलेली म्हातारी आई. त्यांनी सगळे पैसे ऋत्विकला आधीच भरलेले. बाईंनी हात जोडले, समजावलं, "खोली न्हाय हो, पण जेवा तरी. शेजारी दिनानाथाकडं विचारते." निकमांचं डोकंच फिरलं. भर गल्लीत उभं राहून ते ओरडायला लागले.

"सगळ्यांना इथं खोली मिळते, सगळे इथलं कौतुक लिहितात, आणि तुम्हाला काही माहीत नाही? तो ऋत्विक सांगत होता, मामीचं घर आहे म्हणून. तुमचं साटंलोटं आहे! अहो, मामी-भाचे मिळून लोकांना लुटताय!"

आळी दारात आलेली. दिनानाथ कुंपणाशी उभा. बाईंनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेतला आणि त्या गाडीपाशी गेल्या. म्हातारीला तहान लागली होती. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, तो निकमांनी धरला.

"या घरचं पाणी नको, आई."

गाडी गेली. तांब्या बाईंच्या हातात तसाच. त्या दिवशी त्यांनी सगळ्या पाहुण्यांना वाढलं, स्वतः मात्र घास घेतला नाही. रुचिकानं पान वाढून आणलं तेव्हा पदर डोळ्याला लावून एवढंच म्हणाल्या, "आजवर माझ्या दारातून कुणी तहानलेलं गेलं न्हाय गं. चोर म्हनला त्याचं एवढं न्हाय. पाणी न्हाय घेतलं."

पैसे गेले असते तर बाई शिव्या घालून मोकळ्या झाल्या असत्या. पण हे घराच्या पाण्यावर आलं होतं. आळीत कुजबुज सुरू झाली, एरवी पाया पडणारी माणसंही भाच्याची चौकशी करायला लागली. ऋत्विक कुठला, भाऊंच्या कुठल्या बहिणीचा. बाई आतून जळत होत्या.

तीन रात्री त्या नीट झोपल्या नसाव्यात. चौथ्या दिवशी उठल्या त्या मात्र एकदम ताज्यातवान्या. पदर खोचला आणि नवऱ्याला हाक मारली. दिनानाथ "ओ" म्हणाला, येसाजीभाऊ येऊन उभे राहिले.

"अवो, तुम्ही पयली होड्यांवर नावं रंगवायचा ना? अजून येतंय का?"

भाऊंनी मान हलवली.

"मग बोर्लीहून लाल रंग आणा. मोठा डबा."

झोपाळ्यामागची, ओटीच्या बाजूची अख्खी भिंत. फोटो कुठूनही काढा, हीच भिंत मागं येणार. भाऊ शिडीवर चढले. बाई खालून सांगताहेत, "अजून मोठं. अजून. आंधळ्याला दिसंल असं काढा!" संध्याकाळपर्यंत पांढऱ्या चुन्यावर लालभडक अक्षरं उभी राहिली:

या घरात आगाऊ पैसे घेत नाहीत.
आधी जेवा, मग द्या.
आधी मागेल तो चोर.

आळी हसून लोळायची बाकी राहिली. दिनानाथ म्हणाला, "वहिनी, घराचा पार एसटी स्टँड केलात!"

"हस रे हस. उद्या तुझ्या घराचा फोटो चोरीला गेला की रंग मागायला माझ्याकडंच येशील."

रुचिकानं नवा फोटो काढला, जुन्या फोटोसारखाच, त्याच कोपऱ्यातून. बाई हिरवं लुगडं नेसून पाठमोऱ्या बसल्या, सुपाऱ्या वाळत घातल्या. फक्त मागं भिंत बोलत होती. त्याच ॲपवर, पण आपल्या नावानं जाहिरात टाकली. बाईंनी सांगितलं, रुचिकानं लिहिलं: हेच घर दुसऱ्या जाहिरातीतही दिसेल. घर आमचं आहे, जाहिरात आमची नाही. कुणी पैसे मागितले तर म्हणा, आधी अंगणात उभं राहून व्हिडिओ कॉल कर, घर दाखव, भिंत दाखव. आमच्याकडं या, बघा, जेवा, मग द्या.

मग तिनं डोंबिवलीकरांपासून सगळ्या गंडलेल्यांना फोन लावले. त्या माणसांनी बाईंच्या हातचं खाल्लं होतं, नाही कोण म्हणेल? ज्यांनी ज्यांनी कौतुक लिहिलं होतं त्यांनी ते काढून खरं काय ते लिहिलं. आम्हाला गंडवलं गेलं, जेवण त्या माउलीच्या पदरचं होतं.

आता ऋत्विकची पंचाईत झाली. दोन जाहिराती शेजारी शेजारी, घर एकच. लोक त्याला फोन करून पहिलं वाक्य विचारायचे, "व्हिडिओ कॉल करता का? अंगणातून?" कुठून करणार, कपाळ? जिकडं बसला असेल तिकडं अंगण कुठलं! धंदा पार बसला.

फेब्रुवारीत एक तरुण मोटारसायकलवरून आला. नीटनेटका, गळ्यात कॅमेरा, बोलणं लोण्यासारखं. एक दिवस राहणार म्हणाला, निसर्गाचे व्हिडिओ काढतो म्हणाला. बाईंनी गूळ-पाणी दिलं, त्यानं घेतलं. अंगणात हिंडला, झोपाळ्यावर बसून पाहिलं आणि रुचिकाला म्हणाला, "वहिनी, सगळं सुंदर आहे हो, पण ही अक्षरं फार डोळ्यात घुसतात. व्हिडिओ खराब होतो. जरा वेळ चादर लावू का यावर?"

रुचिकाला ते खटकलं. ती आत सासूला सांगायला गेली. बाई माशाला मसाला लावत होत्या. त्यांचे हात थांबले. मग शांतपणे म्हणाल्या, "दे. मोठी दे, निळी. आणि मुश्ताकला फोन कर, म्हणावं रिक्षा घेऊन ये, फाटकापाशीच लाव. आणि ठाण्यातल्या साहेबांना पण."

चादर लागली. तरुणानं अंगणाच्या मधोमध उभं राहून फोन कानाला नव्हे, तोंडासमोर धरला आणि आवाज चढवला. बाई माजघराच्या दारामागं उभ्या होत्या.

"हे बघा मॅडम, म्हटलं होतं ना दाखवतो? अंगणातूनच बोलतोय. हा झोपाळा, ही वाडी. ती भिंतवाली जाहिरात? अहो, ती खोटी! भिंत कुठंय, तुम्हीच बघा! मामीचं घर आहे मॅडम, मामी आत स्वयंपाकात आहे. तुम्ही फक्त ॲडव्हान्स टाका, बिनधास्त या!"

मामी! एवढं ऐकलं आणि आवडाबाई बाहेर आल्या. मसाल्याचे हात तसेच. तरतरा चालत गेल्या, चादरीचं टोक धरलं आणि असा हिसडा मारला की खिळ्यासकट चादर खाली. निळ्याच्या जागी लाल अक्षरं झळकली, त्या पोराच्या डोक्याच्या बरोबर मागं.

"ओ मॅडम!" बाई फोनकडं बघून ओरडल्या. बहुधा फोनशिवायही ऐकू गेलं असतं. "मी मामी! आता भिंत दिसते का? मोठ्यानं वाचा!"

फोनमधली बाई गडबडून खरंच वाचायला लागली. "आधी मागेल तो..." आणि तिथंच थांबली. मग म्हणाली, "अग्गबाई!"

पोरानं फोन बंद केला आणि फाटकाकडं धाव घेतली. फाटकात मुश्ताकची रिक्षा आडवी, आणि रिक्षात मुश्ताक, हाताची घडी घालून. "कुठं निघाला भाच्या? मामीनं जेवायला थांबायला सांगितलंय." कुंपणावरून दिनानाथ उडी मारून आत आला होता, त्यामागं आळीतले आणखी चौघं. पोर मधोमध उभं, तोंड गोरंमोरं. कुणीतरी हात उगारला.

"हात लावायचा न्हाय!" बाई गरजल्या. "माझं गूळ-पाणी घेतलंय त्यानं. आलेला माणूस हाय. बस रे. रुचिका, पान वाढ."

सगळे बघतच राहिले. बाईंनी त्याला ओटीवर बसवला. सुरमई, भाकरी, सोलकढी, भात, काही कमी नाही. अख्खी आळी अंगणात उभी राहून त्याला जेवताना बघत होती. बाई शेजारी बसून म्हणत होत्या, "खा रे. ह्याच जेवणावर इतके दिवस कमावलंस, चव तरी बघ. मीठ बरोबर हाय ना?" पोरगा मान खाली घालून खात होता आणि डोळ्यातून पाणी गळत होतं. तिखटानं की लाजेनं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पान संपलं, त्यानं हात धुतला. तोवर पोलिसांची गाडी आली होती. बाई उठल्या आणि त्याच्यापुढं हात पसरला.

"आता दे. जेवणाचे."

त्यानं खिशातून नोट काढून दिली. अंगणात असा हशा पिकला की झोपाळ्याखालचं कुत्रं उठून पळालं. साहेबांनासुद्धा तोंड फिरवून हसावं लागलं. त्याच्या फोनात सगळं सापडलं म्हणतात, आणखीही कुणाकुणाची घरं, कुणाकुणाची अंगणं.

झालं, आळीत बाईंचा तोरा असा वाढला की विचारू नका. दिनानाथ गुपचूप येऊन लाल रंगाचा उरलेला डबा मागून घेऊन गेला. बाईंनी दिला, पण चारदा "कसं?" विचारून दिला. पण जवळच्यांना माहीत होतं, बाईंच्या पोटात एक सल अजून होता. फाटकाशी साताऱ्याच्या नंबराची गाडी दिसली की त्यांची नजर तिकडं जायची.

होळीच्या आधी ती गाडी आली. पोलिसांनी निकमांना जबाबासाठी फोन केला होता, तेव्हा त्यांना सगळं कळलं होतं. ते उतरले, आत आले नाहीत. मागं ज्या जागी उभं राहून ओरडले होते त्याच जागी उभे राहिले आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "मी या बाईंना चोर म्हणालो होतो. चूक माझी होती. सगळ्यांनी ऐका." सगळी दारं उघडली. सगळ्यांनी ऐकलं. मग ते फाटकातून आत आले, खिशातून पाकीट काढलं. "दोन दिवस राहणार आहोत. हे आधी घ्या."

"भिंत वाचता येत न्हाय का तुम्हाला?" बाई कडाडल्या.

पाकीट परत खिशात गेलं. मागून म्हातारी काठी टेकत येत होती. ती झोपाळ्यावर टेकली आणि म्हणाली, "त्याचं राहू दे गं बाई. मला पाणी दे. मागल्या खेपेचं राहिलंय माझं."

आवडाबाई तरातरा वळल्या. आत गेल्या, गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आल्या आणि म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीनं गूळ तोंडात टाकला, तांब्या वर धरला आणि सगळा रिकामा केला.

बाईंनी पदरानं डोळे पुसले, पदर खोचला आणि वाडीकडं तोंड करून नवऱ्याला हाक मारली, "अवो, शहाळी काढा! साताऱ्याचं पाहुणं आलं!"

शेजारून दिनानाथ "ओ" म्हणाला.